बोरीची फांदी

शेवटच्या रविवारी बाबा अंगणात माझ्या लेकीच्या शेजारी बसून मक्याची उकड दह्यात कालवून जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांना गेंड्यांच्या राखणीला परत जायचं होतं.

"गेंड्याला दिसतं कमी, पण माणसाचा वास बरोबर येतो. अगदी तुझ्या आईसारखं," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू का जेवत नाहीस गं? ताप आहे का?"

"ऊन लागलं असेल," मी म्हणाले.

सोमवारी उम्फोलोझी नदीच्या काठी चोरट्या शिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

आज त्यांचा आत्मा घरी न्यायला आम्ही त्या जागी आलो. बोरीची काटेरी फांदी तिथं टेकवायची, गेलेल्याशी मोठ्यानं बोलायचं, आणि फांदीसोबत त्याला घरी आणायचं, अशी आम्हा झुलू लोकांची रीत. मला भाऊ नाही, म्हणून फांदी माझ्या हातात. मागे बाबांचे सहा सोबती बंदुका खाली धरून उभे होते.

मी तीनदा नुसतीच हाक मारली.

"मनात काही ठेवलंस तर माझा भाऊ मुझी इथंच राहील, पोरी," आत्या म्हणाली. "बोल त्याच्याशी."

सहाही जण ऐकत होते.

"बाबा, घरी चला," मी म्हणाले. "त्या शिकाऱ्यांनी मला तुमच्या नातीचा शाळेच्या फाटकातला फोटो पाठवला होता. तुम्ही सोमवारी कुठल्या पाणवठ्यावर असाल, ते त्यांना मीच सांगितलं."