केकच्या वड्या

"अगं, वड्या गरम असतानाच पाडायच्या असतात," म्हणत सासूबाईंनी तूप लावलेली सुरी फिरवली आणि नव्या सुनेने नुकत्याच ओव्हनमधून काढलेल्या संत्र्याच्या केकचा भुगा झाला.

सून रडवेली झाली. लग्नानंतर तिचे वडील आज पहिल्यांदाच येणार होते आणि हा त्यांचा आवडता केक. "आमच्याकडे केक गार झाल्यावर कापतात," ती फणकारली.

सासूबाईंनी परात ओढली, भुग्यात साय घातली आणि लाडू वळायला घेतले. थोड्या वेळाने सूनही शेजारी येऊन बसली.

लाडू चाखताच वडील चमकले. "हा तर तुझा केक! पण लाडू कसा?"

सासूबाईंनी मान खाली घातली.

"बाबा," सून म्हणाली, "आमच्याकडे असाच करतात."