सजावटीचा तोफगोळा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एका हौशी बाईंनी भालेकरांच्या लष्करी जीपमधला तोफगोळा फोटोसाठी उचलला.

"घ्या बिनधास्त, पोकळ आहे!" निवृत्त सुभेदार भालेकर हसले. भंगारातली ही जीप त्यांनी स्वतः उभी केली होती, वर सजावटीला रिकामे गोळे मांडले होते. रिकामे गोळे लष्कर बुडाला भोक पाडूनच विकतं.

बाईंनी गोळा गमतीनं बॉनेटवर ठोकला आणि कॅमेऱ्यापुढं आडवा धरला. त्याच्या बुडाला भोक नव्हतं.

भालेकरांच्या तोंडचं पाणी पळालं. तान्ह्या बाळासारखा तो हातात घेऊन त्यांनी वाळूच्या बादलीत अलगद ठेवला, लोकांना लांब पिटाळलं. मग पोलिसांना फोन लावला.

"हा इथं आला कुठून?" त्यांनी बायकोला दबक्या आवाजात विचारलं.

"अहो, मीच आणला. जीप झाडताना सीटखाली दोन सापडलेले. हा वर्षभर मागचं दार आपटू नये म्हणून लावत होते. म्हटलं, इथं शोभेल."

"आणि दुसरा?"

"तो घरीच. चांगला जड आहे, सूनबाईला बरा पडतो. आज एकादशी ना, खिचडीसाठी आत्ता त्यानंच दाणे कुटत असेल."