पाटावरची जागा

"ऊठ गं, पोळ्या मी करते."

"आज मी नाही उठणार, आई."

रुक्मिणीबाई तांदूळ धुता धुता थांबल्या. त्यांची सून पद्मजा पोळपाटासमोरच्या पाटावर हटून बसली होती. शेगडी पेटलेली, तवा तापलेला आणि पोळपाटावर एक अर्धी लाटलेली पोळी. तिचा आकार कसला होता, ते विचारू नये.

हीच पद्मजा गेल्या वर्षी कॉलेजची खो-खो कप्तान होती. तिचा खेळ ज्यांनी पाहिला ते अजून त्याच्याबद्दल बोलतात. नऊवारीचा काचा मारून ती मैदानात उतरली की समोरच्या मुलींना ती दिसायची, पण सापडायची नाही. मागचीचा हात अगदी पाठीपर्यंत यायचा, आणि ही बया खांबाला वळसा घालून पार पलीकडे! चौपन्न सालच्या अंतिम सामन्यात तर समोरच्या संघाचा जीव मेटाकुटीला आला. बघायला आलेल्या बायका लाजबीज विसरून शिट्ट्या मारायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मग परीक्षा झाली, लग्न झालं आणि ती मुलुंडला रुक्मिणीबाईंच्या घरात आली. मैदान संपलं, आता संसार, असं तिनं स्वतःला बजावलं. तिचा स्वभावच तसा, अर्धवट काही करायचं नाही. संसारही ती सरावासारखाच करणार होती.

पण अंगातलं वारं इतक्या लवकर जातंय कुठलं? सकाळी पाणी भरायला निघाली की गॅलरीच्या खांबाला हात घालून गर्रकन वळायची, आणि शेजारणी पदरात तोंड लपवायच्या. बाजारात नवरा, श्यामसुंदर, पिशवी घेऊन मागे आणि ही चार दुकानं पुढे. दूध उतू जायचं, भाताचा लगदा व्हायचा. रुक्मिणीबाई त्यावर ब्र काढत नसत. "राहू दे, मी करते," एवढंच म्हणत, आणि तिला शेगडीजवळून उठवत. तेच तिला झोंबायचं. सासू रागावली असती तर तिनं पदर खोचून शिकून दाखवलं असतं. पण आपण रागवण्याच्याही लायकीच्या नाही, म्हणजे काय?

त्यात जवळच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उत्तराबाई मागे लागल्या होत्या. मुलींना खेळ शिकवायला त्यांना बाई हवी होती. पद्मजानं त्यांना दोनदा नाही म्हटलं. जिला पोळी लाटता येत नाही, तिनं दुसऱ्यांच्या मुलींना काय शिकवायचं! आज दुपारी त्या रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "शाळा सुटेपर्यंत वाट बघते. मग दुसरी बाई घेईन, माझाही नाइलाज आहे." पद्मजानं मानेनंच नकार दिला. तशीच घरी आली आणि थेट पाटावर बसली.

"ऊठ म्हणते ना," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"एवढी का नकोशी आहे मी तुम्हाला इथं?" पद्मजाला रडू फुटलं. "मैदानात मला बाद करायला नऊ जणी लागायच्या. इथं तुम्ही एका शब्दात करता."

रुक्मिणीबाईंनी तांदळाचं पातेलं खाली ठेवलं. "मला सांग, तुमच्या खेळात बसलेला गडी उठतो कधी?"

पद्मजाला प्रश्न कळेना. "मागून खो मिळाला की."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर बसून राहायचं."

"मी या पाटावर बसले तेव्हा सोळाची होते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलत होत्या. "सासूबाईंनी खो दिला नाही. तुझे सासरे तर देवमाणूस. पण मी बसलेय, हे त्यांना कधी दिसलंच नाही. वाईट कोणीच नव्हतं गं. नुसतं मागून कोणी आलं नाही."

पद्मजाचं रडणं थांबलं. सासूला एवढं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुझा तो शेवटचा सामना मी बघितलाय. घरी येऊन श्यामला म्हटलं, करायची तर हीच मुलगी कर. तेव्हाच ठरवलं होतं, हिला घरात आणायची, पण या पाटावर बसवायची नाही. एकदा का तुझ्या पोळ्या गोल व्हायला लागल्या, की तुला उठवणार कोण? उत्तराबाईंच्या कानावर तुझं नाव मीच घातलं. वाटलं, आपणहून हो म्हणशील. आणि तू शहाणी, नाही म्हणून आलीस!"

"पण आई, मला अजून घरातलं काहीच..."

"शाळा सुटेल आता."

पद्मजा हलली नाही. तिला जायचं होतं, पण अर्धी पोळी टाकून उठवेना. रुक्मिणीबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तांदळाच्या पाण्यानं भिजलेला हात त्यांनी तिच्या पाठीवर सणसणीत मारला.

"खो!"

पद्मजाच्या मनाला काही समजायच्या आत पाय उठले होते. उंबरा, गॅलरी, जिना. दिवसाढवळ्या त्या घराची सून पाठीवर पाच ओली बोटं घेऊन शाळेकडे धावत गेलेली अख्ख्या गल्लीनं पाहिली.

खेळाचा नियम आहे, खो देणारानं उठलेल्या गड्याच्या जागी बसायचं. रुक्मिणीबाई पाटावर बसल्या आणि ती वेडीवाकडी पोळी त्यांनी पुढे लाटायला घेतली.