मान

"डोकं," दादा म्हणाला. "परत उचललंस."

पट्ट्याचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी घुटमळला आणि बाहेरच राहिला. ती टेबलापासून बाजूला झाली. क्लबातल्या पूल टेबलावर जोड्यांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना चालला होता. समोर सलूनवाला आणि त्याची मेहुणी. चुकलं की ते दोघं एकमेकांना हसायचे आणि पुढच्या बॉलला लागायचे.

"ऐकत का नाहीस तू, बेबी? शंभरदा सांगितलं."

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला भर क्लबात बेबी म्हणणारा तो एकटाच माणूस. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. हलू नका, श्वास रोखा, असं दिवसभर लोकांना सांगायची आणि हाड मोडलेली माणसंसुद्धा तिचं ऐकायची. इथे मात्र ऐन वेळी तिची स्वतःचीच मान वर जायची. दादा खोटं बोलत नव्हता, म्हणून तर तिला जास्त चीड येत होती.

दादाची पाळी आली. समोर सोपा बॉल होता, तो गेला नाही. दादा कमरेवर हात ठेवून कोपऱ्याकडे बघत राहिला.

"कापड झिजलंय इथलं," तो म्हणाला.

मघाशी पंख्याचा वारा लागला होता, त्याआधी क्यूच्या टोकाला घासायचा खडू ओला होता. दादाच्या हातून चूक अशी कधी व्हायचीच नाही, काहीतरी आडवं यायचं. चुका करायला बेबी होती.

मेहुणी खेळत होती तेवढ्यात दादानं मोबाईल पुढे केला. "आता पुरावाच बघ." तो नेहमी तिच्या समोरच्या पॉकेटमागे उभा राहायचा, आज तिथूनच त्यानं तिचं शूटिंग केलं होतं. पडद्यावर ती वाकली, हात मागे गेला आणि मान वर आली. दादानं बोटानं चित्र थांबवलं. "हे बघ. क्यूची काठी बॉलला लागलीसुद्धा नाही अजून. बॉल कुठे जातोय ते बघायची एवढी कसली घाई?"

तिनं मोबाईल हातात घेतला. चित्र जरा मागे नेलं, परत पुढे आणलं, दोन बोटांनी मोठं केलं. मान वर आली होती, त्यात वाद नव्हता. पण डोळे बॉलवर नव्हते. पॉकेटकडेही नव्हते. ते सरळ तिच्याकडेच बघत होते, म्हणजे मोबाईलकडे. मोबाईल धरून उभ्या असलेल्या दादाकडे.

त्याआधीचा शॉट तिनं लावून बघितला. तिथेही तेच. भुवया वर गेलेल्या, ओठ दाबलेले. आता काय ऐकावं लागणार याचा अंदाज घेत असलेला चेहरा. हॉस्पिटलात आपण असा चेहरा करून उभ्या राहिलो तर लोक दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणतील, असं तिच्या मनात आलं. तिची कानशिलं तापली.

"दिसलं ना?" दादानं विचारलं.

"दिसलं."

मेहुणीचा बॉल हुकला आणि पाळी हिची आली. दादा तिच्याकडून मोबाईल घेऊन, तो सरसावत पॉकेटमागे जाऊन उभा राहिला.

"दादा, बाहेर जा."

"कुठे बाहेर?"

"दाराबाहेर. माझा शॉट होईपर्यंत."

सलूनवाला खडू घासता घासता थांबला. दादानं आवाज खाली आणला. "बेबी, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्या बघण्यानं माझी मान हलत नाही."

"खेळायला कुणी शिकवलं तुला?"

"तूच शिकवलंस. आणि दचकायलाही तूच शिकवलंस. जा."

दादा गेला. दार त्यानं जरा जास्तच जोरात ओढून घेतलं. ती वाकली. दोनदा क्यू मागेपुढे केला आणि मारला. हिरव्या कापडावर पांढरा बॉल जिथे होता त्या रिकाम्या जागेवरच तिची नजर राहिली. बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज आला. पॉकेटमध्ये पडल्याचा आला नाही.

मग तिनं बघितलं. बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत मधोमध आला होता.

"जोर जास्त झाला," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते स्वच्छ दिसत होतं. ही चूक तिची एकटीची होती, त्या चुकीत दुसरं कुणी मिसळलेलं नव्हतं.

दादा आत येऊन टेबलापर्यंत पोचला तोवर सलूनवाल्यानं आपले उरलेले बॉल पॉकेटात घातले आणि शेवटी काळा आठ नंबरही घातला. सामना संपला. तिनं दोघांशी हात मिळवला. मेहुणी तिचा हात सोडेना. "ताई, शेवटचा फार छान मारलात," ती म्हणाली. हिला खरंच बरं वाटलं.

दादानं खिशातून गाडीची किल्ली काढली. "बघितलंस ना मी नसलो की काय होतं? चल. काय चुकलं ते वाटेत सांगतो."

"काय चुकलं ते मला माहीत आहे." ती पॉकेटांतून एकेक बॉल काढून टेबलावर आणत होती. "तू हो पुढे. मी अजून खेळणार आहे."

"एकटी?"

"एकटीच."

"आणि घरी कशी येशील?"

नव्या डावासाठी तिनं बॉल लाकडी त्रिकोणात घट्ट बसवले.

"रोज कामावरून येते तशी," ती म्हणाली आणि त्रिकोण उचलून घेतला.