पाळण्याची सावली

अंधार पडला आणि शिंपिणीच्या दिव्यातलं तेल संपलं, तरी तिने सुईत दोरा ओवला. ओवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला दिसतंय.

खिडकीबाहेर रोजचंच आकाश होतं, नुसते तारे. त्या जगात रात्री आकाशात दुसरं काही नसायचंच. पण फरशीवर पाळण्याची लांबलचक सावली पडली होती.

"आई, दुसरा दिवा लावलात का?"

"छे गं," म्हणत सासूबाई आत आल्या आणि सावली बघून जागीच थबकल्या. "माझी आजी सांगायची, पूर्वी वर एक देवी असायची. पांढरी, वाटोळी. रात्रभर उजेड द्यायची. मग लोक तिला विसरले."

"नाव काय तिचं?"

"तेच आठवत नाही गं." सासूबाई रडवेल्या झाल्या. "अगदी जिभेवर आहे."

शिंपिणीला काही उमगेना. आजीच्या गोष्टीतली देवी आपल्या घरात कशाला येईल?

तेवढ्यात सावली आखडू लागली. हळूहळू सरकत ती पाळण्याखाली जाऊन बसली. शिंपिणीने खाली पाहिलं, तर तिची स्वतःची सावलीही पावलांपाशी गोळा झाली होती. म्हणजे उजेड आता बरोबर डोक्यावर होता. छपराच्या आत.

मान वर करायची दोघींचीही छाती होईना.

बाळ मात्र वर बघून खुदकन हसलं, आणि कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले.