खिशातला खडा

"अहो, खिशात नका ठेवू..." एवढंच वेल्ता लात्सेच्या तोंडून बाहेर पडलं.

"बाई, भाषण सभागृहात द्या," प्रेबेन लाउरित्सेन हसून म्हणाला आणि वाळूत सापडलेला पिवळा ओला खडा त्याने करड्या कोटाच्या खिशात टाकला. "सकाळी सकाळी तुमचं बॉम्बपुराण नको. अंबर आहे. बायको खूश होईल."

बरोबरचे खासदार फिदीफिदी हसले. वेल्ताने तोंड मिटलं ते मिटलंच.

बाल्टिक समुद्राकाठच्या लिएपायाच्या किनाऱ्यावर वादळ ओसरलं की अंबर, म्हणजे दागिन्यांत जडवतात तो राळेचा पिवळा खडा, मिळतो, आणि हुबेहूब तसाच दिसणारा फॉस्फरसही मिळतो. महायुद्ध संपल्यावर समुद्रात बुडवलेल्या बॉम्बमधला. ओला असतो तोवर गरीब गाय. सुकला आणि अंगाची ऊब लागली की पेटतो, आणि कातडीला चिकटून जळत राहतो. म्हणून इथली पोरंसोरंसुद्धा सापडलेला खडा पत्र्याच्या डबीत टाकतात, खिशात कधीच नाही. वेल्ताच्या वडिलांनी एकदाच टाकला होता. मांडी होरपळली, आणि तो काढायला खिशात घातलेला उजवा हात मनगटापासून कापावा लागला.

त्या हातामुळेच वेल्ता राजकारणात आली होती. बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांचे खासदार दरवर्षी परिषदेला जमत, आणि दरवर्षी ती एकच कलम मांडी: सगळ्यांनी मिळून तळातले बॉम्ब काढायचे. पण या परिषदेत मतदान नसतं. सगळ्यांची संमती लागते. एकाने जरी हरकत घेतली तरी कलम बाद. आणि दरवर्षी हरकत घेणारा एकच, डेन्मार्कचा लाउरित्सेन. "खर्च कोणी करायचा? आकडे कुठे आहेत?" हे त्याचं पालुपद. यंदा परिषद वेल्ताच्या गावात होती आणि तिची ही शेवटची खेप होती. पुढची निवडणूक ती लढवणार नव्हती.

सभागृहातला बॉयलर नेमका आजच बंद पडला होता. सगळे कोट घालून कुडकुडत बसलेले. लाउरित्सेनने मात्र आपला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी कोळ्याचा पोरगा," तो शेजाऱ्याला म्हणाला, "आम्हाला थंडी वाजत नाही."

वेल्ताची मुलगी मादारा डॅनिशची दुभाषी होती. तिची काचेची खोली सभागृहाच्या मागच्या टोकाला.

"आई, आत नुसता बर्फ झालाय गं. विजेची शेगडी दिलीय, ती मांडीवर घेऊन बसू का?"

"तरी म्हणत होते, जाड काहीतरी घालून ये. ऐकशील तर शपथ!"

"झालं, सुरू झालीस!" म्हणत मादारा आत पळाली.

वेल्ताची जागा लाउरित्सेनच्या मागच्या रांगेत. डोळ्यांसमोर सतत तो कोट. सांगायला हवं, तिला वाटलं. मग वाटलं, अंबरच असेल. आणि नसला तर? भरल्या सभागृहात, सगळ्या देशांच्या डोळ्यांदेखत धूर निघाला तर? मग कोणाची हिंमत होईल नाही म्हणायची?

"जळला मेला," ती पुटपुटली आणि स्वतःच दचकली. तरीही उठली नाही.

जेवणाच्या रांगेत लाउरित्सेन मादाराशी बोलताना दिसला. धुरावलेला मासा आणि काळा पाव ताटलीत तसाच, आणि मान खाली. तो गेल्यावर वेल्ताने मुलीला गाठलं.

"काय गुलुगुलु चाललं होतं त्याच्याशी?"

"आजोबांचं सांगितलं. त्याचा बापही जाळी टाकायचा म्हणे. आई, माणूस वाईट नाहीये गं."

"तुला सगळेच चांगले वाटतात."

वेल्ताला मुलीला खड्याचं सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण 'मग तू तेव्हाच का नाही बोललीस?' असं मादाराने विचारलं असतं. तेवढ्यात घंटा झाली.

ती जागेवर येऊन बसली, तर समोरच्या खुर्चीवर कोट नव्हता. कोटघरात टांगला असेल. तिथे तर इथल्यापेक्षा गारठा; खडा सुकायचासुद्धा नाही. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची चीडही आली.

कलम वाचून झालं. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

लाउरित्सेन उठला. वेल्ताने कानाला यंत्र लावलं. त्याचं डॅनिश विरून गेलं आणि मादाराचा आवाज आला.

"इतकी वर्षं मी इथे आकडे मागत आलो. आज जेवताना मला एका कोळ्याच्या हाताची हकीकत कळली. माझ्या बापाचा हात गेला असता, तर मी आकडे मागितले असते का?"

वेल्ताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि या माणसाचं आपण दिवसभर काय चिंतलं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाषण संपलं की आधी याला गाठायचं, तिने ठरवलं. पाया पडेन, पण तो खडा काढून घेईन. आणि हे ज्या पोरीमुळे घडलं, तिच्याकडे पाहायला ती सकाळपासून पहिल्यांदाच मागे वळली.

"डेन्मार्कची हरकत नाही," कानात मादारा म्हणत होती, आणि काचेपलीकडे शेगडीला खेटून बसलेल्या तिने तो करडा कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला होता, दोन्ही हात खिशात.