मागची सीट

जंगल सुरू होण्याआधीच्या वळणावर हेमराजनं गाडी थांबवली, तेव्हा तिथं तीन दुचाक्या आधीच उभ्या होत्या. दिवस कलला होता. मूलहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या या पट्ट्यात संध्याकाळी दुचाकीवाला एकटा घुसत नाही. चारजण जमतात, मगच निघतात. याला सोबत पाहणं म्हणतात. गेल्या आठवड्यात वाघानं भर रस्त्यात बसकण मारली होती, त्यामुळे मिशीला पीळ देणारेही हल्ली निमूटपणे सोबत पाहत होते.

हेमराजची गाडी मात्र कोणाची वाट पाहणाऱ्यांतली दिसत नव्हती. लांबलचक, बुटकी, रुंद छातीची क्रूझर मोटरसायकल. घेऊन फार दिवस झाले नव्हते, तरी शोरूममधून निघाली तशी ती राहिलीच नव्हती. हँडल उंच करून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना चामड्याच्या बॅगा, समोर जादा दिवे, टाकीला जांभळट काळा रंग. आणि मागं बसणाऱ्याला टेकायला जाड गादीचा बॅकरेस्ट. तो त्यानं नागपूरला दुकानात उभं राहून करवून घेतला होता, आणि गादी जरा कडक वाटली म्हणून पुन्हा गेला होता. माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा आणि सुट्टीला गाडी पुसून कुठंतरी जाऊन यायचं, असा त्याचा क्रम होता. खाणीतल्या लोकांनी गाडी पाहिली, ॲव्हरेज विचारलं आणि आपापल्या कामाला लागले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. त्याच्या वाट्याला दोनच आले.

इथं मात्र सगळ्यांनी गाडीभोवती फेरी मारली. एकानं तर तिच्या आरशात भांगही नीट केला. हेमराजला मनापासून बरं वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं सगळे दिवे लावून दाखवले.

जुन्या मोपेडवर बायकोला घेऊन निघालेला मनसाराम म्हणाला, "हे भाऊ पुढं राहतीन. एवढ्या आवाजापुढं जनावर काय, जनावराचा बापबी थांबत नाई."

सगळे हसले आणि तसं ठरलं. मग मनसारामनं हळूच आपली अडचण काढली. मोपेडवर मासळीची टोपली, वर बायको. चढावर गाडीला दम लागत होता. तिला भाऊंनी मागं घेतलं तर बरं होईल, असं तो म्हणाला.

हेमराजनं मान डोलावली. मागच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. बसताना सरकतं म्हणून मनसारामच्या बायकोनं, गोकुळाबाईनं, ते ओढून काढलं, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिलं.

निघाले. मोपेडच्या चालीनं चालायचं म्हणजे त्या गाडीचा अपमानच होता. ती धपधपत, कुरकुरत चालली होती. हेमराजला मात्र घाई नव्हती. आरशात त्याला मागचे दिवे दिसत होते. आपल्यामागं कोणी येत आहे, हे त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

गोकुळाबाई आधी सीटची कड धरून अवघडून बसली होती. मग तिनं हळूच पाठ टेकली.

"खुर्चीवानी आहे जी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "हे कोणासाठी लावलं?"

"कंपनीतूनच लागून आलं."

मग तिनं घरी कोण कोण असतं ते विचारलं. हेमराजनं वाऱ्यात ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. ती नातवाचं, तळ्यातल्या मासळीचं, मनसारामच्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगत राहिली आणि तो हूं हूं करत राहिला. घरी कोणी असं बोलत असतं तर आपण असंच हूं हूं केलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं. वाघ काही आला नाही. आडवा आला असता तर थोडं थांबावं तरी लागलं असतं, असाही एक वेडा विचार येऊन गेला.

जंगल संपलं तशा मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढं निघून गेल्या. गोकुळाबाई उतरली, मोपेडवर बसली, टोपली मांडीवर घेतली. चहाला घरी या, असं ती म्हणाली. पण तिचं वाक्य पुरं होईतो मनसारामनं मोपेड हाणलीही होती. अंधाराआधी त्याला गाव गाठायचं होतं. घर कुठं, हे विचारायचं हेमराजला सुचलं नाही.

तो तिथंच उभा राहिला. माजरीचं क्वार्टर अजून तासाभरावर होतं, आणि त्याला कुलूप होतं.

रस्त्याच्या पलीकडं एक स्कूटी उभी होती. दवाखान्यातली नर्स आणि तिची सासू, दोघी मूलकडं जाणाऱ्या. त्यांच्या बाजूला अजून कोणी जमलं नव्हतं. नर्सनं दोनदा आभाळाकडं पाहिलं, मग रस्ता ओलांडून आली.

"भाऊ, मूलकडं जाऊन राह्यले का?"

"हो," हेमराज म्हणाला.

अरुंद रस्त्यावर ती लांब गाडी वळवायची म्हणजे कसरतच. हेमराज पायानं रेटत तिला मागं घेऊ लागला, पुढं घेऊ लागला. सासू पलीकडून हे सगळं पाहत होती.

"पण भाऊ, तुमच्या गाडीचं तोंड तं चंद्रपूरकडं होतं," ती म्हणाली.

हेमराजनं हँडल पूर्ण वळवलं.

"मीबी सोबतच पाहून राह्यलो होतो, बाई."